चाकाचें गाऱ्हाणें

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता नळदुर्ग मागें टाकून उमरग्याच्या दिशेनें निघाला कीं, थोड्याच वेळांत अणदूर हें गांव लागतें. तुळजापूर तालुक्यांतील हें गांव खंडोबाच्या देवस्थानामुळें दूरवर माहीत आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या वर्षीं १३ सप्टेंबर रोजीं भारतीय सैन्य नळदुर्गावर चालून आलें तें सोलापूरच्या बाजूनें, ह्याच मार्गानें. त्या काळीं ह्या वाटेवर बैलगाड्या पुष्कळ आणि मोटारी अगदीं थोड्या असत. आज तें प्रमाण उलटलें आहे. मालट्रकांची रांग रात्रंदिवस वाहत असते, आणि तिच्या कडेकडेनें गांवकऱ्यांच्या छोट्या मोटारी बाजाराला, कचेरीला, दवाखान्याला जात-येत असतात. गाडी बदलली, चाकाचा स्वभाव मात्र बदललेला नाहीं.

श्रोतेहो, बैलगाडी हांकणाऱ्या शेतकऱ्यास एक विद्या कोणी न शिकवितां येत असे. गाडीवर डोळा लागला असतांही चाकाची करकर बदलली कीं तो उठून बसे. तुंबा आंसावर कोरडा घासूं लागला आहे, हें त्याला कानांनींच कळे. मग गाडी थांबवून तो चाक थोडें बाहेर ओढी, तेलांत काजळी कालवून केलेलें वंगण आंसाला चोपडी, आणि पुन्हां वाट धरी. हें काम तो उद्यांवर टाकीत नसे. कारण कोरडें चाक आधीं बैलांचा जीव काढतें आणि मग आंस खातें, हें त्यानें पाहिलेलें असे.

मोटारीचें चाकही असेंच गाऱ्हाणें सांगत असतें. परंतु मोटारीच्या कांचा बंद असतात, आंत गाणें चालू असतें, आणि बैलांप्रमाणें इंजिन थकून थांबत नाहीं. म्हणून तें गाऱ्हाणें कोणी ऐकत नाहीं, आणि जेव्हां ऐकूं येतें तेव्हां पुष्कळदां फार उशीर झालेला असतो. पुढच्या चाकाचें बेअरिंग झिजलें हें ओळखावें कसें, तें घरच्या घरीं बदलतां येईल काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत, ह्याचा विचार म्हणून प्रत्येक मोटारवाल्यानें एकदां तरी करून ठेवावा.

बैलगाडीचें चाक आंसावर घासत फिरतें. मोटारीचें चाक घासत नाहीं, तें घरंगळतें. पोलादाच्या दोन कड्या, एकींत एक बसविलेल्या. त्यांच्यामध्यें गोल छऱ्यांची किंवा निमुळत्या रुळांची रांग. ते एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून त्यांना जागच्या जागीं धरणारा पिंजरा. आंत वंगण, आणि दोन्ही बाजूंस धूळपाणी रोखणारें झांकण. एवढ्याच साहित्याचें हें यंत्र आहे. त्यालाच बेअरिंग म्हणतात.

ही कल्पना एकट्या मनुष्याची नव्हे. वेल्समधील फिलिप व्हॉन ह्या लोखंडाच्या कारखानदारानें १७९४ सालीं गाडीच्या आंसाभोंवतीं गोळे बसविण्याचें पेटंट घेतलें. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे ह्यानें १८६९ सालीं सायकलीसाठीं तशी योजना केली, आणि त्याच वर्षीं जेम्स मूर ह्यानें पॅरिस ते रूआं ही शर्यत छऱ्यांचें बेअरिंग असलेल्या सायकलीवर जिंकली. परंतु हातानें घडविलेले गोळे एकसारखे होत नसत. त्यांतला जो किंचित् मोठा त्यावरच सारा भार येई. १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिख फिशर ह्यानें पोलादी गोळे यंत्रानें एकाच मापाचे घासण्याची युक्ति काढली, तेव्हां कोठें ही वस्तु सर्वांच्या आटोक्यांत आली. अमेरिकेंतील हेन्री टिमकेन हा तर मूळचा गाड्या बांधणारा. भरलेली गाडी वळली म्हणजे तिचें ओझें आडवेंही रेटतें, हें ध्यानांत घेऊन त्यानें १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचें पेटंट मिळविलें. आपल्या देशांत जयपूर येथें १९४६ सालीं ह्या धंद्याचा कारखाना स्थापन झाला, आणि पुढें पुण्याजवळ चिंचवडासही बेअरिंगें होऊं लागलीं.

आतां ह्या लहानशा वस्तूला काय सोसावें लागतें तें पाहूं. छोट्या मोटारींत माणसें बसलीं म्हणजे पुढच्या एका चाकावर साधारण २५० ते ३०० किलोंचा भार पडतो. चाकाचा घेर पावणेदोन मीटर धरला, तर एका किलोमीटरांत तें ५७० वेळां फिरतें. म्हणजे ५० किलोमीटरांच्या फेरींत २८,००० हून अधिक वेळां. आणि छरा कडीला टेकतो तो एका ठिपक्याएवढ्या जागेवर. तो सारा भार ह्या ठिपक्यांवरून पुन्हां पुन्हां जात असतो. पोलाद कितीही कठीण असलें तरी अखेर तें शिणतें. त्याच्या पृष्ठाखालीं बारीक तडा जातो आणि एके दिवशीं वरचा पापुद्रा निघतो. तेथें खांच पडते. प्रत्येक छरा त्या खांचेंत आपटूं लागतो, आणि चाक बोलूं लागतें.

हा दिवस लवकर आणणारीं कारणें तीन. ओढ्याच्या पाण्यांतून गाडी वारंवार नेली व झांकण फाटकें असलें, तर पाणी आंत शिरून वंगण धुऊन नेतें आणि पोलादास गंज चढतो. दुसरें कारण रस्त्यांतील खड्डे. जोराचा आदळ बसला कीं छऱ्याची खूण कडीवर उमटते. तिसरें कारण मात्र मनुष्याच्या हातचें आहे. मागच्या वेळीं बेअरिंग बसवितांना कोणी हातोडा चालविला असेल, तर तें नवें असतांनाच जखमी झालेलें असतें.

अणदूरसारख्या गांवीं राहणारा एखादा शेतकरी गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. त्यानें जुनी छोटी मोटार विकत घेतली आहे. सोलापूरच्या मोठ्या दुकानांत ती न्यावी तर एक दिवस मोडतो व खिसाही हलका होतो. न न्यावी, तर घरांत म्हातारी आई आहे, आणि रात्रींबेरात्रीं दवाखान्याची वाट ह्याच मोटारीनें चालावयाची आहे. गेल्या पंधरा दिवसांपासून पुढून एक गुरगुर येते. प्रथम त्याला वाटतें, टायरच वाजत असतील.

येथें पहिली पारख करावयाची. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणें बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा. बेअरिंगाची गुरगुर रस्ता कोणताही असो, तशीच राहते; वेग वाढला कीं वाढते आणि वेग उतरला कीं उतरते. इंजिनाचा जोर कमी करूनही ती थांबत नाहीं. मग कोणतें चाक? डावीकडे वळतांना मोटारीचें ओझें उजव्या चाकावर झुकतें. तेव्हां गुरगुर वाढली तर संशय उजव्या चाकावर घ्यावा. उजवीकडे वळतांना वाढली, तर डाव्यावर.

दुसरी पारख हातांनीं. मोटार सपाट व टणक जागीं उभी करावी, हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांच्या दोन्ही अंगांस दगड लावावे, पुढचें चाक जॅकनें उचलावें, आणि उचललेला भार लोखंडी घोडीवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं हात घालणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. मग चाक वर व खालीं धरून हलवून पाहावें. खडखड लागली तर घरांतील एकाला ब्रेक दाबून धरावयास सांगून पुन्हां हलवावें. ब्रेक दाबतांच ढिलेपणा नाहींसा झाला तर दोष बेअरिंगाचा. तरीही राहिला तर खालच्या सांध्यांचा. नंतर एक हात पुढच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानें चाक फिरवावें. निरोगी चाकाचें फिरणें हाताला जाणवत नाहीं. आजारी चाकाचें फिरणें जात्यांत खडा सांपडल्यासारखें लागतें.

एवढी पारख पटल्यावरही मोटार दामटणारे लोक असतात. त्यांनीं पुढचा क्रम ऐकून ठेवावा. खांच वाढते, वंगण तापून जळतें, चाकास ढिलेपणा येतो. त्याबरोबर ब्रेकची तबकडीही डगमगते व ब्रेकचे गुटके मागें ढकलले जातात; मग ऐन वेळीं पायाखालचा ब्रेक पहिल्या दाबांत लागत नाहीं. शेवटीं छरे फुटून चाक जागच्या जागीं आवळतें, किंवा त्याचा आधारच सुटतो. मागून मालट्रक येत असतांना हें व्हावें, ह्याहून वाईट प्रसंग तो कोणता?

आतां बदलण्याविषयीं. पुढच्या चाकाच्या रचना मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत, आणि आपल्या मोटारीची कोणती, हें पाना हातीं घेण्यापूर्वींच कळलें पाहिजे.

पहिली रचना जुन्या धाटणीची. १९४९ सालीं मुंबईस ज्या विलीज जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ झाला, त्यांच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रुळांचीं दोन बेअरिंगें समोरासमोर बसविलेलीं असत. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत ही रचना आजही पाहावयास मिळते. हें काम मात्र पूर्णपणें घरचें आहे. टोपी काढावी, खिळेची पिन सरळ करून ओढावी, नट सोडावा, म्हणजे तुंबा हातांत येतो. सर्व भाग रॉकेलांत किंवा डिझेलांत धुऊन कोरडे करावे. तुंब्यांतील जुन्या कड्या पितळी पहारीनें, एकदां ह्या बाजूस व एकदां समोरच्या बाजूस असें हळूहळू ठोकून काढाव्या. नवे रूळ जुन्या कडींत कधींही फिरवूं नयेत. तो जोड एकत्रच बदलावा. वंगण तळहातावर घेऊन बेअरिंगाची कड त्यांत दाबावी, आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या अंगानें तें बाहेर येईपर्यंत भरावें. झांकण नवेंच घालावें. शेवटीं नट आवळावयाचा तो चाक फिरवीत फिरवीत, म्हणजे रूळ आपापल्या जागीं बसतात. मग तो सोडून पुन्हां हलक्या हातानें टेकवावा, नव्या पिनेनें अडकवावा, आणि चाक मोकळें फिरतें पण खडखडत नाहीं हें पाहावें. येथें जास्त आवळणें हीच मोठी चूक. आवळलेलें बेअरिंग तापतें आणि थोड्याच दिवसांत जळतें.

दुसरी रचना आजच्या बहुसंख्य छोट्या मोटारींची. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली, आणि तिच्या पाठोपाठ पुढच्याच चाकांना इंजिनाची ओढ देणाऱ्या मोटारी घरोघर दिसूं लागल्या. ह्यांत स्टिअरिंगबरोबर वळणारा एक ओतीव तुकडा असतो. कारागीर त्याला नकल म्हणतात. बेअरिंग त्याच्या भोंकांत टनावारी दाबानें बसविलेलें, आणि तुंबा बेअरिंगांत तसाच दाबून बसविलेला. तिसरी रचना कांहीं नव्या मोटारींची: तींत तुंबा व बेअरिंग मिळून एकच भाग असतो व तो तीन-चार बोल्टांनीं धरलेला असतो. हा भाग घरीं सहज बदलतां येतो.

खरी कसोटी दुसऱ्या रचनेंत आहे. आपला गृहस्थ येथें दोन टोकांच्या मोहांत सांपडतो. एक मोह, सर्व काम दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याचा. दुसरा, सर्व कांहीं घरींच हातोड्यानें उरकण्याचा. दोन्हींमध्यें एक शहाणपणाची वाट आहे. नकल घरीं सोडवावा, जेथें प्रेसयंत्र असेल अशा लेथवाल्याकडे तो घेऊन जावें, बेअरिंग तेथें बदलून घ्यावें, आणि घरीं येऊन पुन्हां जोडावें. वेळखाऊ मेहनत घराची, आणि जोराचें काम यंत्राचें.

सोडवितांना क्रम पाळावा. चाक जमिनीवर असतांनाच, ब्रेक दाबून, मधला मोठा नट सैल करावा. त्याची चेपलेली कड अगोदर छिन्नीनें उठवावी. मग मोटार उचलून घोडीवर ठेवावी व चाक काढावें. ब्रेकचा कॅलिपर सोडल्यावर त्याच्या रबरी नळीवर लोंबूं देऊं नये. तारेनें स्प्रिंगला बांधावा. चाकाचा वेग मोजणारी तार असल्यास ती जपून बाजूस काढावी. नकल वरच्या खांबाला ज्या बोल्टांनीं जोडलेला असतो, त्यांच्या जागेची खूण खडूनें न करितां टोंचणीनें ओरखडून ठेवावी. खडू पुसतो, ओरखडा राहतो. खालचे सांधे त्यांच्या ओढणीनें सोडवावे. पेचांच्या टोकावर हातोडा मारला तर सांधा सुटतो, पण नट पुन्हां चढत नाहीं.

लेथवाल्याकडे गेल्यावर गृहस्थानें लाजून दूर उभें राहूं नये, काम पाहावें. आधीं तुंबा बाहेर निघतो, आणि बहुधा जुन्या बेअरिंगाची आंतली कडी त्याच्यावरच चिकटून येते. ती काढतांना तुंब्यास छिन्नीचा घाव बसतां कामा नये. मग अडसराची सर्क्लिप काढून बेअरिंग दाबून बाहेर काढतात आणि भोंक स्वच्छ पुसतात. आतां सर्व कामाचा गाभा येतो: जी कडी घट्ट बसवावयाची, जोर त्याच कडीवर यावा. बेअरिंग नकलांत बसवितांना बाहेरच्या कडीवर. तुंबा बेअरिंगांत बसवितांना आंतल्या कडीला खालून आधार देऊन. छऱ्यांमधून जोर गेला, तर नवें बेअरिंग जन्मतःच बहिरें होतें. महिन्या-दोन महिन्यांत तीच गुरगुर परत येते, आणि दोष मात्र बनविणाऱ्याच्या नांवावर लागतो. वेग मोजणाऱ्या योजनेचीं बेअरिंगें कांहीं मोटारींत असतात. त्यांची एक बाजू चुंबकीय असते. ती बाजू मापकाकडेच यावी.

घरीं जोडणी उलट क्रमानें. ओरखड्याच्या खुणा जुळवाव्या, तबकडीवर तेलाचा बोट लागूं देऊं नये, मधला नट नवा घालावा. नव्या बेअरिंगावर मोटारीचा भार येण्यापूर्वींच हा नट पूर्ण आवळलेला असावा. म्हणून चाक अधांतरीं ठेवून एकानें ब्रेक दाबावा व दुसऱ्यानें पाना ओढावा. किती ओढावा, हें अंगाच्या जोरावर सोडूं नये. मोटारीच्या पुस्तिकेंत आंकडा असतो. छोट्या मोटारींत तो साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटरांमध्यें येतो. समजा १७५ आहे; तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारें १८ किलोंचें ओझें टांगल्यावर जो पीळ बसेल तेवढा. दांडगा मनुष्य ह्याहून फार जास्त ओढतो, अशक्त मनुष्य कमी. बेअरिंगाला दोन्ही सारखेंच घातक. म्हणून मोजून आवळणारा पाना भाड्यानें अथवा मागून आणावा. नंतर नटाची कड चेपावी.

मोटार हलविण्यापूर्वीं ब्रेक तीन-चार वेळां दाबून पायाखालीं टणक लागतो हें पाहावें. काम करतांना गुटके मागें सरकलेले असतात, आणि पहिला दाब पोकळ जातो. पहिली फेरी हमरस्त्यावर काढूं नये. शेतरस्त्यानें सावकाश जाऊन यावें. परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन ऊब ताडावी. नव्याची ऊब जुन्याहून फार अधिक नसावी. चाकाचे नट शंभर किलोमीटरांनंतर पुन्हां तपासावे, आणि पुढच्या खेपेस सोलापुरास चाकांची सरळी पाहून घ्यावी.

एवढें झाल्यावर जुनें बेअरिंग भंगारांत टाकण्याची घाई करूं नये. तें फडक्यांत गुंडाळून शिकंज्यांत फोडावें, डोळ्यांस चष्मा लावावा, आणि कड्या रॉकेलानें धुऊन उन्हांत धराव्या. आरशासारख्या त्या गुळगुळीत वाटेवर एके ठिकाणीं ज्वारीच्या दाण्याएवढा, कदाचित् त्याहूनही लहान, एक खरबरीत डाग सांपडेल. पंधरा दिवस जें गाऱ्हाणें कानांवर येत होतें, तें एवढ्याशा जागेचें. घरांतील मुलांना तो डाग दाखवावा, आणि त्यांचें बोट त्यावरून एकदां फिरवूं द्यावें. पुढें तीं मोठीं होऊन स्वतः मोटार चालवूं लागलीं, म्हणजे चाक बोलूं लागतांच गाणें बंद करून ऐकतील.